'रिफ्लेक्ट' : एका क्रियापदाचे अनेक अर्थ

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मागच्या सत्रात कार्यालयाला एका ओळीचा मेल पाठवला : "माय फी इज नॉट रिफ्लेक्टिंग." कार्यालयाने उलट विचारले, म्हणजे नेमके काय? पैसे तुझ्या खात्यातून गेलेच नाहीत, गेले पण इकडे जमा झाले नाहीत, की जमा होऊनही पोर्टलवर दिसत नाहीत? या प्रश्नोत्तरांत तीन दिवस गेले आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीचा एकच दिवस उरला. तिन्ही शक्यतांसाठी तो एकच शब्द वापरत होता. तो शब्द त्याने शिकला होता भौतिकशास्त्राच्या तासाला, आणि वापरला बँकेच्या कामात. या टिपणात आपण त्याचे अर्थ आणि वाक्यरचना पाहू.

मूळ लॅटिन आहे. 'रे' म्हणजे मागे, 'फ्लेक्टेरे' म्हणजे वाकवणे. 'फ्लेक्सिबल' आणि 'रिफ्लेक्स' हे त्याच घरातले शब्द. मागे वळवणे ही कल्पना धरून ठेवली की पुढचे बहुतेक अर्थ सापडतात. 'रिफ्रॅक्ट' मात्र वेगळ्या मुळाचा. तिथे मोडण्याचा भाव आहे. परावर्तन आणि अपवर्तन यांत मराठीत जितकी गल्लत होते, तितकीच इंग्रजीत या जोडीची होते. न्यूटनच्या 1704 सालच्या 'ऑप्टिक्स' ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकात दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

पहिला अर्थ प्रकाशाचा. "द मिरर रिफ्लेक्ट्स लाइट" इथे कर्ता आरसा, कर्म प्रकाश. प्रकाशालाच कर्ता केले तर कर्म लागत नाही, 'ऑफ' किंवा 'फ्रॉम' लागतो : "लाइट रिफ्लेक्ट्स ऑफ द वॉटर." आरसाच हवा असे नाही. ताजा बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी 80 टक्क्यांहून अधिक परत पाठवतो, चंद्र जेमतेम 12 टक्के. साध्या काचेवर प्रकाश सरळ पडला तर एका पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के परत येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे. 50 ओहमच्या केबलला 75 ओहमचा भार जोडला तर परावर्तन गुणांक (75−50) भागिले (75+50), म्हणजे 0.2. त्याचा वर्ग 0.04, म्हणून 4 टक्के शक्ती मागे येते. काचेचा अपवर्तनांक 1.5 घेऊन हेच गणित करून पाहा, आकडा तोच येतो. शब्द प्रकाशाकडून विद्युत लहरींकडे गेला त्यामागे नुसती उपमा नाही, गणितही एकच आहे.

दुसरा अर्थ प्रतिबिंबाचा. मी लखनौत राहते, म्हणून उदाहरण इथलेच देते. नवाब मुहम्मद अली शाहने 1838 साली बांधलेला हुसैनाबादचा इमामबाडा, ज्याला सगळे छोटा इमामबाडा म्हणतात, त्याच्या अंगणात लांबट हौद आहे. वारा नसेल तेव्हा इमारत त्यात उलटी दिसते : "द बिल्डिंग इज रिफ्लेक्टेड इन द वॉटर." आत झुंबरे आणि आरसे आहेत, तिथे "द मिरर्स रिफ्लेक्ट द चँडेलिअर्स." मराठीत क्रिया 'परावर्तन' आणि दिसते ते 'प्रतिबिंब' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंना 'रिफ्लेक्शन'च. मराठी विचार करून इंग्रजी लिहिताना म्हणूनच अडायला होते. प्रतिबिंब सांगायचे तेव्हा कर्मणी रचना आणि 'इन' वापरा.

तिसरा अर्थ दर्शवण्याचा, आणि प्रकल्प अहवालांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. "द व्होल्टेज ड्रॉप रिफ्लेक्ट्स द इन्क्रीज इन लोड" हे बरोबर : जे दिसते ते कर्ता, त्यामागचे कारण कर्म. "द लोड रिफ्लेक्ट्स द व्होल्टेज ड्रॉप" असे मी दरवर्षी वाचते. त्यात कार्यकारणभावच उलटा होतो, आणि व्याकरण शुद्ध असल्यामुळे ती चूक सहज नजरेत येत नाही.

या अर्थी कर्म लागतेच, नाहीतर कर्मणी रचना करावी लागते. "द पेमेंट इज नॉट रिफ्लेक्टेड इन द स्टेटमेंट" हे जगभर समजते. "पेमेंट इज नॉट रिफ्लेक्टिंग" ही आपल्याकडची घडण आहे. आता तर मराठीतही सर्रास "पैसे रिफ्लेक्ट झाले नाहीत" म्हणतात. लखनौची तारेवाली कोठी ही नवाब नसीरुद्दीन हैदरच्या काळात सुरू झालेली वेधशाळा. आज त्या इमारतीत स्टेट बँक आहे. जिथे ताऱ्यांचा प्रकाश टिपायचा बेत होता तिथे आता हे क्रियापद पैशांसाठी वापरले जात असणार! बोलण्यातल्या या वापराला चूक म्हणायचा हट्ट मी धरत नाही. पण अर्ज करताना तो सोडा, कारण पैसे कुठे अडले हे त्यातून कळत नाही. खात्यातून गेले तर 'डेबिटेड', समोर जमा झाले तर 'क्रेडिटेड', नुसते दिसत नसतील तर 'नॉट शोइंग'. त्या विद्यार्थ्याने शेवटी लिहिले, "द अमाउंट वॉज डेबिटेड ऑन मंडे, बट द पोर्टल स्टिल शोज माय फी अ‍ॅज अनपेड," आणि सोबत व्यवहार क्रमांक दिला. काम त्याच दुपारी झाले.

चौथा अर्थ चिंतनाचा : "रिफ्लेक्ट ऑन युअर इंटर्नशिप." मन मागे वळते, झालेल्या गोष्टीकडे. तेव्हा प्रश्नपत्रिकेत हे क्रियापद आले तर नुसते वर्णन पुरत नाही. काय केले, ते तसे का केले आणि आता वेगळे काय कराल, हे लिहावे लागते.

याच 'ऑन'पाशी मी स्वतः फसले आहे. एका गुणी विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात मी मोठ्या कौतुकाने लिहिले, "हिज कॉन्डक्ट रिफ्लेक्ट्स ऑन अवर डिपार्टमेंट." पत्र गेल्यावर इंग्रजीच्या एका सहकाऱ्यांनी प्रत वाचली आणि विचारले, "मॅडम, याने असे केले तरी काय?" चांगले-वाईट न सांगता 'रिफ्लेक्ट्स ऑन' म्हटले की वाचणारा बहुधा कमीपणाच समजतो, म्हणजे त्याच्या वागण्याने विभागाच्या नावाला बट्टा लागतो असे. 'रिफ्लेक्ट्स वेल ऑन' हवे होते. संध्याकाळी दुसरे पत्र पाठवले. पहिले कोणी वाचले होते का, हे विचारायचा धीर झाला नाही.

सरावासाठी तीन वाक्ये : "द रिझल्ट रिफ्लेक्ट्स हर हार्ड वर्क." "द डिले रिफ्लेक्ट्स बॅडली ऑन द टीम." "शी रिफ्लेक्टेड ऑन द रिझल्ट." प्रत्येकात कर्ता कोण, कर्म आहे की नाही आणि 'ऑन' कशासाठी आला आहे, हे आधी ओळखा. मग तिन्ही वाक्ये मराठीत लिहा, आणि 'प्रतिबिंब' हा शब्द एकाही वाक्यात वापरू नका.