यादीबाहेरचे नांदेड आणि लातूर

पहलगाम येथे 22 एप्रिल 2025 रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर, 7 मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशावरून देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घेण्यात आली. महाराष्ट्रातील 16 ठिकाणांची त्यासाठी निवड झाली होती. मुंबई, उरण, तारापूर ही नावे अपेक्षितच होती. मराठवाड्यातून मात्र एकटे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या यादीत होते. नांदेड आणि लातूर यांचा त्यात समावेश नव्हता.

अणुऊर्जा केंद्रे, बंदरे, रेल्वेची मोठी जंक्शने यांना प्राधान्य देणाऱ्या या यादीवर युद्धकाळातील विचाराची छाप स्पष्ट दिसते. शत्रूच्या विमानांपासून बचाव करायचा असेल तर ती योग्यच म्हणावी लागेल. दहशतवादी मात्र गर्दी शोधतो. नांदेडचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तेथे 2008 च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यास लाखो भाविक आले होते. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते एकत्र येतात आणि शिकवणी वर्गांसाठी राज्यभरातून आलेले हजारो विद्यार्थी शहरात राहतात. या गर्दीची जोखीम कोणत्या यादीत मोजायची?

राष्ट्रीय पातळीवर गेल्या काही वर्षांत बरेच काही झाले, हे मान्य केले पाहिजे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो दिल्लीजवळून येईपर्यंत रात्र सरली होती. त्यानंतर 2009 मध्ये या दलाचे केंद्र मुंबईत आले आणि राज्याने 'फोर्स वन' उभे केले. परंतु नांदेड मुंबईपासून रस्त्याने सुमारे 600 किलोमीटर आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते. तेथून लातूर 300 किलोमीटरहून अधिक. मदत हवाई मार्गाने आली तरी आदेश, जमवाजमव आणि प्रवास यांत काही तास जाणारच. तोपर्यंत जे काही करायचे ते स्थानिक पोलीस ठाणे, अग्निशमन दल, 108 ची रुग्णवाहिका आणि सरकारी रुग्णालय यांनाच करावे लागेल.

यात रुग्णालय हा सर्वांत नाजूक दुवा आहे. 8 सप्टेंबर 2006 रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले, तेव्हा तेथील तोकड्या वैद्यकीय सोयींमुळे जखमींना धुळे-नाशिकला हलविण्याची वेळ आली. अहमदाबादेत 26 जुलै 2008 रोजी तर आधीच्या स्फोटांतील जखमी आणि त्यांचे नातलग जेथे जमले होते, त्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातच पुढचा स्फोट घडविण्यात आला. मदतीला धावणारी गर्दी हीच दुसऱ्या हल्ल्याचे लक्ष्य ठरू शकते, हे तेथे दिसले. म्हणून रुग्णालयाच्या दारावर नाकाबंदी कोणी करायची, नातलगांना कोठे थांबवायचे आणि जखमींची वर्गवारी कोणत्या डॉक्टरने करायची, हे आधी ठरलेले असावे लागते. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी 24 तासांत 24 रुग्ण दगावले, तेव्हा औषधे, मनुष्यबळ आणि खाटांवरील ताण यांची चर्चा राज्यभर झाली. नेहमीच्या दिवशी जे रुग्णालय काठोकाठ भरलेले असते, तेथे एकाच वेळी शंभर जखमी आले तर काय होईल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

मराठवाड्याला संकटाचा अनुभव नाही असे मुळीच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे 10 हजार जीव घेतले. ढिगाऱ्यांखालून माणसे बाहेर काढण्याचे पहिले काम गावकऱ्यांनीच केले आणि त्या अनुभवातूनच राज्यात जिल्हावार आपत्ती आराखडे आकारास आले. तथापि भूकंपाचा आराखडा स्फोटाला जसाच्या तसा लागू होत नाही. भूकंपात ढिगारा उपसणे हेच पुण्यकर्म असते. स्फोटाच्या जागी मात्र जखमींना हलविल्यावर तोच ढिगारा पुरावा ठरतो आणि बघ्यांच्या पायांखाली तो नष्ट होतो. नांदेडच्या पाटबंधारेनगरात 6 एप्रिल 2006 रोजी एका घरात झालेल्या स्फोटात दोघे ठार झाले. प्रारंभी फटाक्यांचे कारण पुढे आले, नंतर बॉम्ब बनविल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि जवळपास 19 वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये, न्यायालयाने हयात असलेल्या सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

कायद्याची उणीव आहे, असे म्हणता येत नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या व्याख्येत मानवनिर्मित आपत्तीही येते आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. अंमलबजावणीची कथा वेगळी. महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालानुसार, राष्ट्रीय कार्यकारी समितीची मे 2008 ते डिसेंबर 2012 या काळात एकही बैठक झाली नाही. मुंबई हल्ल्यानंतरची वर्षे नेमकी हीच होती. 2025 च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्य सरकारला दिली आहे. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांसाठी तशी मागणी करता येईल. तालमीसाठी तर तेवढेही थांबण्याचे कारण नाही. अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आयोजित करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला मूळ कायद्यानेच दिलेला आहे आणि त्यासाठी दिल्लीच्या यादीत नाव असावे लागत नाही.