नवं कार्ड, कमी मेमरी
भोसरी-चाकणला डाय, फिक्स्चरची डिझाइनं करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड घेताना प्रश्न पडतो: एनव्हिडियाचं २०२१ चं १२ जीबीवालं आरटीएक्स ३०६० की २०२३ चं ४०६०? कागदावर जुनंच भारी. मेमरीकडे जाणारा रस्ता १९२ बिटांचा, कोर ३५८४. नव्यात ८ जीबी, १२८ बिट, ३०७२ कोर. तरी बहुतेक गेममध्ये नवंच पुढे, कारण क्लॉक जास्त आणि एल-२ कॅशे ३ ऐवजी २४ एमबी. वीजही १७० ऐवजी ११५ वॉट. पण मोठी असेंब्ली कार्डावर रेंडर करताना ८ जीबी भरली, की वेग कोसळतो. तिथे मी जुनंच घेईन. नुसतं कॅड असेल तर आधी प्रोसेसर बघा. मॉडेल रिबिल्ड होण्याचा वेळ बहुतांशी त्याच्याच हातात.