सुरूची सावली महागात

शेजारच्या तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. चिंचणीच्या किनाऱ्यावर उभ्या कॅम्परला मात्र छतावरचं १०० वॅटचं सौर पॅनेलच आधार.

काचेचं पॅनेल सहा-सात किलोंचं, लवचिक जेमतेम दोन. गोलसर छतावर अलगद बसतं. पण थेट पत्र्याला चिकटवलं की खालून वारा बंद. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉन सेलची वीज सुमारे ०.४ टक्के घटते. सेल ६५ अंशांवर तापला की शंभरातले ८४ वॅटच उरतात. मधे पोकळ पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातलेला बरा.

गाडी सुरूखाली लावायचा मोह टाळावा. सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावलीही वीज निम्म्यावर आणू शकते.

खारा वारा आधी वायरींचे जोड खातो.