देवाचे लेकरू : जन्माने की विश्वासाने?

कार्तिक वद्य एकादशी जवळ आली, की निर्मळच्या यात्रेचे वेध साऱ्या वसई परगण्यास लागतात. श्रीशंकराचार्यांच्या मंदिराकडे जाणारे रस्ते दुकानांनी फुलतात, तळ्याच्या काठी दिवे लागतात आणि दूरदूरच्या माहेरवाशिणी घरी येतात. त्या निर्मळपासून जवळच, सुरूच्या बनाआड, समुद्राला टेकून कळंब हे गाव वसले आहे. यात्रेच्या निमित्ताने तेथील एका यजमानांच्या अंगणात कीर्तनसेवा करण्याचा योग आम्हांस मागील वर्षी आला. त्या रात्री आम्हांस एक प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर तेथे आम्हांस देता आले नाही. ते उत्तर वाचकांच्या साक्षीने द्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

निरूपणाचा विषय होता भगवंताचे वात्सल्य. विठ्ठलास माउली का म्हणावयाचे, हे सांगता सांगता आम्ही म्हणून गेलो, की सारी माणसे ही त्या एकाच माउलीची लेकरे होत. आरती झाली, प्रसाद वाटला गेला. तेव्हा अंगणाच्या कडेस बसून कीर्तन ऐकणाऱ्या शेजारच्या ख्रिस्ती वृद्धा पुढे आल्या. ऐंशीच्या घरातील त्या आजींनी मोठ्या अदबीने विचारले, "बुवा, तुम्ही म्हणालात सगळी देवाची लेकरंच आहेत. आम्हाला लहानपणापासून शिकवलं, की विश्वासानं देवाचं लेकरू व्हावं लागतं. मग यातलं खरं काय?"

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच यजमानांचे तरुण चिरंजीव उसळून म्हणाले, "आजी, तुमचे पूर्वज कसे लेकरू झाले ते निर्मळच्या देवळाला विचारा!" अंगणात एकदम शांतता पसरली. आजी काही न बोलता आपल्या घराकडे वळल्या. दोन घरांमध्ये जास्वंदीचे कुंपण तेवढे होते. पण त्या क्षणी ते फार उंच झाल्यासारखे वाटले.

त्या तरुणाचा शब्द कठोर होता. परंतु तो निराधार होता असे म्हणता येणार नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, दोनशे वर्षांहून अधिक काळ, या भूमीने परधर्मी राजसत्तेचा जाच सोसला. देवळे पाडली गेली, तीर्थे ओस पडली. निर्मळचे क्षेत्र पुन्हा उभे राहिले ते पेशवाईत. हा इतिहास विसरावा असे आम्ही कोणास सांगणार नाही. मात्र इतिहासाचा हिशेब एका ऐंशी वर्षांच्या आजींकडे मागावयाचा नसतो, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न इतिहासाचा नव्हताच. तो शास्त्राचा होता. शास्त्राच्या प्रश्नाला शास्त्रानेच उत्तर दिले पाहिजे.

प्रथम त्यांचे म्हणणे काय आहे, हे नीट समजून घेऊ. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणे सर्व मानव देवाने आपल्या प्रतिरूपात निर्माण केलेले आहेत. परंतु पापामुळे माणूस देवापासून दुरावला. जे ख्रिस्तावर विश्वास ठेवून त्याचा स्वीकार करतात, त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार मिळतो आणि तो जन्म रक्तामांसाचा नसून देवापासून झालेला असतो, असा योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायाचा आशय आहे. त्याच ग्रंथात पुढे निकदेम नावाचा एक विद्वान रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. माणसाने पुन्हा जन्म घेतला पाहिजे, हे ऐकून तो गोंधळतो; म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा शिरेल, असे विचारतो. उत्तर मिळते ते पाण्याने आणि आत्म्याने होणाऱ्या जन्माचे. बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार हे त्या जन्माचे चिन्ह होय. उपनयनाने बटू द्विज होतो असे मानणाऱ्या आपल्या समाजास दुसऱ्या जन्माची ही कल्पना अगदीच परकी वाटू नये.

संत पौलाने याच गोष्टीसाठी एक कायद्यातील शब्द योजला आहे. त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुत्र म्हणून स्थापणे', म्हणजेच आपल्या भाषेत दत्तकविधान. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले असून त्यांत औरस पहिला आणि दत्तक तिसरा आहे. दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मदात्याचे गोत्र आणि त्याच्या संपत्तीवरील हक्क सुटतो. नव्या पित्याचे गोत्र, कुल आणि वारसा त्यास लाभतो. ख्रिस्ती सिद्धान्त नेमका याच चौकटीत मांडता येतो. येशू हा देवाचा एकुलता एक, म्हणजे औरस पुत्र. आणि विश्वास ठेवणारे सारे दत्तक. दासाचे बंधन तुटून त्यांना वारसा मिळतो आणि देवाला 'अब्बा' म्हणून हाक मारण्याचा अधिकार येतो. 'अब्बा' हा येशूच्या घरच्या अरामी भाषेतला पित्यासाठीचा शब्द; ग्रीक ग्रंथातही तो तसाच ठेवलेला आहे. आपल्याकडील 'आबा' कानी यावे, तसाच तो वाटतो.

आपल्या परंपरेचे म्हणणे याहून निराळे आहे, हे लपविण्याचे कारण नाही. श्वेताश्वतर उपनिषदाचा ऋषी साऱ्या जगास अमृताचे पुत्र म्हणून हाक मारतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत जीवास आपला सनातन अंश म्हणतात. म्हणजे आपल्या मते नाते मुळातच आहे. अज्ञानाचे पटल तेवढे दूर व्हावयाचे. त्यांच्या मते नाते तुटले होते. ते कृपेने नव्याने जोडले जाते. दोन्ही एकच आहे असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे असते. पण त्यात दोन्ही शास्त्रांचा अपमान आहे.

तरीही एके ठिकाणी दोन्ही वाटा अगदी जवळ येतात. श्रीवैष्णवांमध्ये मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडिणीचे पिलू आईस स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजरीच्या पिलास मात्र आईच तोंडात धरून नेते. जीवाने प्रयत्न किती करावा आणि कृपेवर किती विसंबावे, हा वाद आपल्या आचार्यांनी जसा केला, तसाच तो ख्रिस्ती पंडितांनीही केला आहे. पौल कृपेवर भर देतो, तर याकोबाचे पत्र सांगते की कृतीवाचून विश्वास निर्जीव होय. लेकरू होणे म्हणजे काय, हा प्रश्न भक्तिमार्गाच्या दारात सर्वांनाच पडतो.

येथवर पूर्वरंग झाला. आता आख्यान सांगितल्यावाचून कीर्तनकाराची सुटका नाही.

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा जुन्या पिढीस ठाऊक आहे. राजा हरिश्चंद्राने वरुणास पुत्र अर्पण करण्याचे वचन दिले आणि पुत्राच्या जागी विकत घेतलेला बळी उभा करण्याची वेळ आली. अजीगर्त नावाच्या ब्राह्मणास तीन मुलगे होते. थोरला बापाने सोडला नाही, धाकटा आईने सोडला नाही. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. आणखी शंभर गाई घेऊन बापानेच त्याला यूपाला बांधले आणि आणखी शंभरांसाठी शस्त्र उचलले. त्या बालकाने देवांचा धावा केला. एकेक देवतेस आळविता आळविता शेवटी उषेच्या स्तवनासरशी त्याचे पाश गळून पडले. मग तो विश्वामित्रांजवळ जाऊन बसला. बाप परत मागू लागला, तेव्हा विश्वामित्रांनी त्याला देवांनी दिलेला म्हणून देवरात हे नाव देऊन पुत्र केले. तेव्हा शुनःशेपास त्याची स्वतःची इच्छाही विचारली गेली, हे विसरता कामा नये. बळजबरीने कोणी कोणाचे लेकरू होत नाही. ना आपल्या वेदात, ना त्यांच्या शुभवर्तमानात. तलवारीच्या धाकाने जेथे कोठे माणसे बाटविली गेली, तेथे विश्वास या शब्दाचीच पहिली हत्या झाली.

कथा येथे संपत नाही. विश्वामित्रांना एकशे एक पुत्र होते. हा नवा भाऊ थोरला म्हणून माना, असे पित्याने सांगताच वडील पन्नासांनी नकार दिला आणि ते पित्याच्या शापास पात्र झाले. मधुच्छंदाने आणि त्याच्या धाकट्या पन्नास भावांनी मात्र त्याचा स्वीकार केला. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातही हाच प्रसंग आहे. सारे उडवून परतलेल्या धाकट्याला बाप मिठी मारतो, मेजवानी देतो. थोरला मात्र रुसून बाहेर उभा राहतो. बाप त्याची समजूत घालण्यास बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, ते लूकचे शुभवर्तमान सांगत नाही. देव पिता आहे, हे मानणे फारसे कठीण नाही. त्याने आणखी कोणाला लेकरू म्हटले, तर त्याला भाऊ म्हणता येते का, ही खरी परीक्षा होय.

ही परीक्षा महाराष्ट्रात एका घराने फार मोठी किंमत मोजून दिली. नारायण वामन टिळक हे कोकणात करजगावी १८६१ साली जन्मलेले, संस्कृत विद्येत मुरलेले कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे ते बोलत आणि ख्रिस्तासही माउली म्हणत. ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजविण्याचे मोठे श्रेय त्यांचेच.

पण देवाचे लेकरू होताना त्यांचे मनुष्यांचे घर मात्र मोडले. ती वार्ता कळताच पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नींना वेगळे राहावे लागले. पुढे त्या पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. विचाराअंती लक्ष्मीबाईंनी प्रथम जातिभेद मनातून काढून टाकला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ही सारी कहाणी त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात अशा निर्मळ विनोदाने सांगितली आहे, की कोणत्याही धर्माच्या वाचकास त्या घरच्याच वाटाव्यात.

आम्हांस त्या घरातील सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे अहमदनगर येथे टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलाप्रमाणे माया दिली. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या माउलीच्या मायेत त्यामुळे उणे आले नाही. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. देवास पिता मानणाऱ्या घराने दुसऱ्याच्या लेकरास, त्याचे गोत्र न पुसता, जवळ घेतले. विश्वासाचा याहून मोठा पुरावा आम्ही शोधीत नाही.

असा पुरावा वसईतही आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, त्याबद्दल २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२० साली ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. परंतु २०२४ साली ते निवर्तले, तेव्हा वसईच्या हिंदू घरांतही हळहळ झाली ती आणखी एका कारणासाठी. हरित वसईच्या चळवळीत येथील जमीन, विहिरी आणि बागा वाचविण्यासाठी त्यांनी हाक दिली, तेव्हा दोन्ही समाजांची माणसे खांद्यास खांदा लावून उभी राहिली होती. विहिरीच्या पाण्याला धर्म नसतो, हे शेतकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

या वर्षी एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा कळंबला जाणार आहो. त्या आजींच्या दारी जाऊन एवढेच सांगू, की आजी, तुमचे शास्त्र तुम्हांस लेकरू व्हावे लागते असे सांगते, आमचे शास्त्र आम्ही लेकरूच आहो असे सांगते. हा भेद राहील आणि तो राहण्यात काही वावगे नाही. मात्र व्हावे लागते ते एक आम्हां दोघांसही आहे; ते म्हणजे एकमेकांचे भावंड. तेथे जन्म पुरत नाही आणि नुसता विश्वासही पुरत नाही. रोज उठून ते व्हावे लागते.

यजमानांच्या चिरंजीवांस आम्ही तसे पत्रही लिहिले होते. त्यांचे उत्तर आले ते एका ओळीचे : "बुवा, आजींना आमच्या अंगणात बसायला यंदा खुर्ची ठेवली आहे."

ती खुर्ची रिकामी न राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.