सोंग कुणाचे, मजा कुणाची?

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की दुकानांमध्ये माणसांच्या हॅलोविन पोशाखांशेजारी कुत्र्यामांजरांचे पोशाखही टांगलेले दिसू लागतात. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना, नॅशनल रिटेल फेडरेशन, दरवर्षी या सणाआधी ग्राहकांची पाहणी करते. तिच्या २०२३च्या अंदाजानुसार हॅलोविनवरचा एकूण खर्च सुमारे १,२२० कोटी डॉलर होता आणि त्यातले ७० कोटी डॉलर नुसत्या पाळीव प्राण्यांच्या पोशाखांवरचे होते. वर्षानुवर्षे पहिली पसंती भोपळ्याला मिळते, त्यामागोमाग हॉट डॉग येतो. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या टॉम्पकिन्स स्क्वेअरची सोंगाड्या कुत्र्यांची मिरवणूक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची, आणि ती पाहायला माणसांची झुंबड उडते. याच दिवसांत वर्तमानपत्रे आणि ग्रंथालये या मोसमात वाचायच्या भयकथांच्या याद्या काढतात. एक छंद हसवणारा आणि दुसरा घाबरवणारा, त्यामुळे दोन्ही एकमेकांपासून दूरचे वाटतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी भीतीशी खेळणेच आहे, आणि या खेळाचा एक नियम आहे: ज्याला घाबरायचे त्याला तो खेळ थांबवता आला पाहिजे. भयकथा वाचणाऱ्याच्या बाबतीत हा नियम आपोआप पाळला जातो. पोशाख चढवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तो आपण मुद्दाम पाळला, तरच पाळला जातो.

सणाची जुनी रीत पाहिली तरी हे जाणवते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर साव्हिन नावाचा सण असे. त्या रात्री मेलेल्यांचे आणि जिवंतांचे जग एकमेकांच्या जवळ येते, असा समज होता. पुढे मुलेमाणसे वेष पालटून दारोदार फिरू लागली, सलगम कोरून त्यात दिवा ठेवू लागली. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर ही चाल अमेरिकेत गेली आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. या सगळ्यात वेष घेणारा स्वतःहून वेष घेत होता. मुखवट्याआड आपणच आहोत हे त्याला ठाऊक असे, आणि घरी परतल्यावर तो उतरवणेही त्याच्याच हातात असे. अगदी लहान मुलांना हे कळत नाही, म्हणून ती बापानेच मुखवटा घातला तरी भोकाड पसरतात. त्यांच्या लेखी बाप नाहीसा झालेला असतो. भीतीची मजा वाटायला आधी खेळ आणि खरे यांतला फरक कळावा लागतो.

डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात हौसेच्या भीतीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाच आहे. तिथल्या संशोधकांनी वेयले या गावाजवळच्या एका झपाटलेल्या घरात ११० जणांना पाठवले, त्यांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली आणि नंतर प्रत्येकाला किती भीती वाटली, किती मजा आली, हे विचारले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या नालेसारखा निघाला. भीती अगदी थोडी असेल तर कंटाळा येतो, फार झाली तर मजा संपते आणि मधल्या एका टप्प्यावर माणूस सर्वांत खूश असतो. पुस्तकाचे थोरपण इथे कळते, कारण तो टप्पा गाठण्याची सूत्रे पूर्णपणे वाचकाच्या हाती असतात. जड गेले की पान उलटायचे थांबावे, दिवा मोठा करावा, पुस्तक पालथे घालावे, नाहीतर सरळ शेवटचे प्रकरण उघडून कोण वाचले ते पाहून घ्यावे. चित्रपटगृहात एवढी मोकळीक नसते. भयकथा हा भीतीच्या खेळांतला सर्वांत सभ्य प्रकार आहे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

या साहित्यातल्या काही गाजलेल्या कथांचा जन्मही खेळातूनच झाला. एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जून १८१६मध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी व्हिला दिओदातीत पावसाने अडकून पडलेली मंडळी, म्हणजे कवी बायरन आणि शेली, अठरा वर्षांची मेरी आणि डॉक्टर पॉलिडोरी, वेळ घालवायला भुताच्या गोष्टी वाचत बसली. मग प्रत्येकाने एकेक गोष्ट लिहायची, अशी पैज लागली. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ची आणि पॉलिडोरीची ‘द व्हँपायर’ १८१९ची. दोन्हींचे मूळ त्या बैठकीत आहे. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स हे पंडित नाताळच्या सुमारास मित्रांना जमवून स्वतःच्या भुतांच्या कथा वाचून दाखवत. त्यांचा पहिला संग्रह १९०४ साली आला. आपल्याकडे नारायण धारपांनी स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी ‘लुचाई’ म्हणून मराठीत आणली, आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी तर कित्येकांची झोप उडवली. यांतल्या कुणालाही वाचकाला खरी इजा करायची नव्हती, आणि वाचकालाही ते माहीत होते.

पण या साहित्यातल्या प्राण्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कुत्रे आणि मांजर यांच्याइतके इथे कुणालाच राबवलेले नाही. अमेरिकन लेखक पो याच्या १८४३च्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये दारूच्या आहारी गेलेला निवेदक आपल्याच लाडक्या मांजराचा डोळा काढतो आणि पुढे त्याला फासावर लटकवतो. काळ्या मांजराची भीती वाटावी अशी ही गोष्ट खरे तर मांजराला माणसाची वाटायला हवी अशा भीतीची आहे. स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’त व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजावरून एक अवाढव्य कुत्रा उडी मारून अंधारात पसार होतो. किंगच्या १९८१च्या ‘कुजो’तला सेंट बर्नार्ड सशाच्या मागे बिळात तोंड घालतो, वटवाघूळ नाकाला चावते आणि रेबीज होतो. काही परिच्छेद किंगने त्या कुत्र्याच्या मनातून लिहिले आहेत, आणि ते वाचताना भीतीपेक्षा कणव अधिक वाटते. आपल्याला काय होते आहे हे त्याला समजत नाही. समजेना, थांबवता येईना, अशी ती भीती आहे.

आणि मग कॉनन डॉयलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ‘स्ट्रँड’ मासिकातून ती क्रमशः आली. भीतीकथांतला बहुधा सर्वांत प्रसिद्ध कुत्रा हाच, आणि ज्यांनी अजून वाचली नसेल त्यांची क्षमा मागून सांगायला हवे की तो भूत नसून सोंग चढवलेला कुत्रा आहे. लंडनमधल्या विक्रेत्याकडून आणलेला, ब्लडहाउंड आणि मॅस्टिफ यांच्या संकराचा हा धिप्पाड प्राणी खलनायक दलदलीतल्या बंद पडलेल्या खाणीत दडवून ठेवतो आणि त्याच्या तोंडाला चमकणारा लेप फासून, बुटाचा वास देऊन, माणसावर सोडतो. गोळ्या घालून त्याला लोळवल्यावर वॉटसन त्या जबड्याला हात लावतो, तर त्याची स्वतःची बोटे अंधारात चमकू लागतात. फॉस्फरस, असे तो म्हणतो. होम्स वाकून हुंगतो आणि वेगळीच गोष्ट हेरतो: लेप अशा चतुराईने केला आहे की त्याला वास नाही, नाहीतर कुत्र्याच्या हुंगण्यात अडथळा आला असता. आजच्या पोशाख विक्रेत्यांनी हे वाक्य जरूर वाचावे. कुत्र्यावर काही चढवायचे असेल तर त्याच्या इंद्रियांचा विचार आधी करावा लागतो, हे त्या खुनी माणसालाही ठाऊक होते. अर्थात त्याने तो आपल्या फायद्यासाठी केला.

कुत्रा आपल्याशी बोलतो ते कान, शेपूट, मानेवरचे केस, पाठ आणि चेहरा यांतून. पोशाखाच्या टोपीने कान दबले आणि शेपटीवर कापड आले की त्याचे अर्धे बोलणेच बंद होते. समोरच्या कुत्र्याला तो कळत नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९च्या ‘इनसाइड ऑफ अ डॉग’ या पुस्तकात रेनकोटची गोष्ट मांडली आहे. रेनकोट पाठीला, छातीला घट्ट बसतो, आणि पाठीवर पडलेला तसा दाब कुत्र्यांच्या जगात वरचढ प्राण्याने खाली दाबल्यासारखा असतो. अंगावर कपडा येताच गप्प उभे राहिलेले कुत्रे बहुधा म्हणूनच गप्प असते. त्याला ते आवडले, असा अर्थ आपण काढतो. अनेक मांजरे तर अंगाला पट्टा किंवा कपडा लागताच आडवी होतात आणि हलतच नाहीत. छायाचित्रात ती शहाणी दिसतात.

आमच्या कुत्र्याचा चेहरा आम्हाला कळतो, असे पाळणारे सांगतात, आणि प्रेमापोटीच सांगतात. पण होरोविट्झ यांनीच त्याच वर्षी केलेल्या प्रयोगाकडे दुर्लक्ष करता येत नाही. चोरून खाल्ल्यावर कुत्रा अपराधी चेहरा करतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. त्यांनी काही वेळा कुत्र्याने खाल्लेले नसतानाही मालकाला खाल्ले म्हणून सांगितले. अपराधी चेहऱ्याचा खाण्याशी संबंध निघालाच नाही, रागावण्याशी निघाला, आणि काही न करता बोलणी खाल्लेली कुत्री सर्वांत अपराधी दिसली. जो चेहरा आपण इतक्या खात्रीने वाचत होतो तो चुकीचा वाचत होतो. अस्वस्थ कुत्र्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटत राहणे, मागे वळवलेले कान, पोटाकडे ओढलेली शेपूट, तोंड फिरवून तिरक्या नजरेने पाहताना दिसणारा डोळ्यांचा पांढरा भाग. हॅलोविनची छायाचित्रे या खुणा शोधत पाहिली तर त्यातली बरीचशी गंमत ओसरते.

मग प्राण्यांना खेळातली भीती कळतच नाही का? कळते, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. दोन कुत्री कुस्ती खेळतात तेव्हा गुरगुरतात, दात दाखवतात, मानगूट धरतात. पण त्याआधी पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग उंच करून एक नमस्कार घालतात. मार्क बेकॉफ यांच्यासारख्या प्राणी-वर्तनशास्त्रज्ञांनी या नमस्काराचा बारकाईने अभ्यास केला आहे. आता जे होईल ते खेळातले, असा त्याचा अर्थ. जोराने चावले गेले तर पुन्हा नमस्कार होतो, आणि एकाने अंग काढून घेतले की खेळ थांबतो. तेव्हा भीतीच्या खेळाचा नियम माणसाचा एकट्याचा नाही. भोपळ्याचा पोशाख चढवताना मात्र तो नमस्कार कुणी घातलेला नसतो.

आक्षेप येईल की आपणही जनावरे सजवतोच की. बैलपोळ्याला शिंगे रंगवतात, बाशिंग बांधतात, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरांच्या माळा घालतात. नेपाळमध्ये तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून हार घालतात, आणि तो दिवस हॅलोविनच्याच आगेमागे येतो. पण या सजावटीकडे नीट पाहावे. डोळे मोकळे, कान मोकळे, पाय मोकळे, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही, तोंडी पुरणपोळी आहे. त्याला दुसरे काही बनवायचे नसते, बैल म्हणूनच त्याचा मान असतो. मिरवणुकीत ढोलताशे आणि गुलाल यांचा अतिरेक होतो तिथे बैलही बुजतो, आणि तिथे आक्षेप पोळ्यावरही घ्यायलाच हवा. खेळाचा नियम न पाळण्याची सर्वांत मोठी हौस तर आपण दिवाळीत भागवतो. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. फटाका पेटवणाऱ्या पोराला तो केव्हा वाजणार हे माहीत असते. पलंगाखाली शिरून थरथरणाऱ्या कुत्र्याला ते माहीत नसते, आणि केव्हा थांबणार हेही नाही. तुलनेने भोपळ्याचा पोशाख किरकोळ म्हणावा लागेल.

म्हणून पोशाखावर बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. थंड देशांत केस कमी असलेल्या कुत्र्यांना कोट लागतो, मार्गदर्शक कुत्री अंगावर पट्टे घेऊन दिवसभर काम करतात, आणि काही कुत्र्यांना लोक भोवती जमलेले खरोखर आवडतात. फरक सवयीचा आणि सुटकेचा आहे. पोशाख आधी काही दिवस नुसता जमिनीवर ठेवावा, हुंगू द्यावा, जोडीला थोडा खाऊ द्यावा, मग क्षणभर पाठीवर टाकून काढून घ्यावा. तो दिसताच कुत्रा निघून गेला तर उत्तर मिळाले. मुंबई-पुण्यातही हे पोशाख आता घरपोच मिळतात, पण इथला ऑक्टोबर उकाड्याचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून गार होते, आणि चपट्या नाकाच्या पग किंवा बुलडॉगला आधीच श्वास पुरत नाही. त्यांना गळ्यातला एक रंगीत रुमाल पुरे. सणासाठी आणलेले चॉकलेटही कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे, त्यातले थिओब्रोमाइन कुत्र्यांना विषारी असते. पोटात गेल्याचा संशय जरी आला तरी उलटी होण्याची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा.

आणि घाबरायची हौस असेल तर ती स्वतःच्या जिवावर करावी. ‘बास्करव्हिल्स’ पूर्वी वाचली असेल तरी चौदावे प्रकरण पुन्हा काढा, आणि या वेळी धुक्यातून धावत येणाऱ्या त्या कुत्र्याच्या बाजूने वाचा.