म्हशीचा काळा रंग व तांब्याची उणीव

गोंदिया जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यास म्हशीचा काळा रंग इतका परिचयाचा आहे की, त्याचा वेगळा विचार सहसा होत नाही. परंतु ह्या रंगावरून जनावराच्या पोषणाचा अंदाज बांधता येतो.

कातडी, केस व डोळे यांस रंग देणाऱ्या नैसर्गिक द्रव्यास मेलॅनिन म्हणतात. मनुष्य व जनावरे या दोहोंच्या शरीरात ते असते. विशिष्ट पेशी टायरोसीन नावाच्या द्रव्यापासून ते तयार करतात. ह्या क्रियेस लागणाऱ्या विकरात तांब्याचा अंश असतो. म्हणून आहारात तांबे कमी पडल्यास केसांचा रंग फिका पडू लागतो.

मेलॅनिन सूर्याचे अतिनील किरण शोषून कातडीचे रक्षण करते. विदर्भातील गवळाऊ गाईची कातडी काळसर, पण केस पांढरे असल्याने ऊन बरेचसे परावर्तित होते. म्हशीचे तसे नाही. तिची कातडी काळी, केस विरळ व घर्मग्रंथी गाईच्या मानाने थोड्या असतात. त्यामुळे उष्णता शोषली जाते, पण घामावाटे पुरेशी बाहेर पडत नाही. तलावात वा बोडीत डुंबणे ही तिची गरजच होय. बोड्या आटल्यावर तिला सावलीत बांधावे व दिवसातून दोन-तीन वेळा अंगावर पाणी ओतावे.

मोठ्या म्हशीचे काळे केस तांबूस होणे, विशेषतः डोळ्यांभोवती ते फिके पडणे, हे तांब्याच्या उणिवेचे लक्षण असू शकते. सोबत हगवण, रोडपणा, रक्तक्षय किंवा वेळेवर माजावर न येणे ही लक्षणेही आढळतात. रेडकांचे भुरे केस व काही जातींचा मूळचा तांबूस रंग हा मात्र रोग नव्हे. पूर्वीचा रंग पालटला काय, एवढेच पाहावे.

केवळ धानाच्या तणसावर जनावराची खनिजांची गरज भागत नाही. तणसासोबत हिरवा चारा, ढेप व खनिज मिश्रण द्यावे. मोठ्या दुभत्या म्हशीस खनिज मिश्रण दररोज साधारण ५० ग्रॅम पुरते.

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तथापि तो अंदाजाने कधीही पाजू नये. अधिक मात्रेने विषबाधा होऊन जनावर दगावते. मेंढ्यांस तर तांबे थोडे अधिक झाले तरी बाधते. म्हणून गाई-म्हशींचे मिश्रण त्यांस घालू नये. रंग पालटलेला दिसताच जनावर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे व तेथील सल्ल्यानेच औषध द्यावे.