पेव आणि वायुक्षेत्र : भूमिगत साठवणीची परीक्षा व तिची परिभाषा

१

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की तिचे 'पेव फुटले' असे मराठीत म्हणतात. वाक्प्रचार रूढ राहिला. मात्र पेव ही वस्तू बहुतेकांच्या अनुभवातून गेली आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे व रुंद पोटाचे कोठार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. कन्नडमधील 'हगेवु', तेलुगूमधील 'पातर' आणि हिंदीतील 'खत्ती' हे याच जातीच्या कोठारांचे शब्द होत. चारही शब्द एकमेकांपासून भिन्न, पण त्यांच्यामागील व्यवहार एकच : जे आज विपुल आहे ते भूमीच्या स्वाधीन करावयाचे आणि टंचाईच्या दिवसांत तिच्याकडून परत मागावयाचे.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत हाच व्यवहार गेले शतकभर फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे. ज्या क्षेत्रातील बहुतेक वायू काढून झाला, त्याच्यात दुसरीकडून आणलेला वायू भरून ठेवावयाचा आणि मागणी वाढली की तो काढावयाचा. असा पहिला प्रयोग १९१५ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला; पाठोपाठ १९१६ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहराच्या दक्षिणेकडील झोअर क्षेत्र कोठार म्हणून वापरात आले. प्रस्तुत लेखात अशा क्षेत्राची परीक्षा कशी होते याचे विवरण करावयाचे आहे. विषय भूशास्त्राचा आहे, हे खरे. परंतु ही परीक्षा आपण आपल्या भाषेत कोणत्या शब्दांनी सांगतो यावर तिच्याविषयीची समज अवलंबून असल्यामुळे तो भाषा-साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवणे अस्थानी होणार नाही.

२

प्रथम पेवाचाच विचार करू. सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथील पेवांतून हळद साठवण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या मातीचा थर तेथे खोल व घट्ट आहे. खणले तरी कड ढासळत नाही आणि ओल आत येत नाही. पेवाचे तोंड बंद केले की आत हवेची ये-जा थांबते. साठवलेल्या मालाच्या व त्यातील किडींच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कार्बन डायॉक्साइड साचतो आणि कीड गुदमरून मरते. म्हणजे पेवाचा गुण त्याच्या पोकळीत नाही, तिच्या बंदिस्तपणात आहे.

ज्या गुणाने माल टिकतो त्याच गुणाने माणूस दगावू शकतो. म्हणून पेव उघडल्यावर ते काही वेळ मोकळे ठेवावयाचे, मग आत कंदील सोडावयाचा, आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरावयाचे, असा दंडक होता. भूमिगत कोठाराची ही फार सोपी परीक्षा. परंतु तिच्यामागील तत्त्व सोपे म्हणून गौण नव्हे. आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते एखाद्या खुणेवरून जाणावे लागते, आणि खूण नीट वाचली नाही तर त्याची किंमत मोजावी लागते. २००५ च्या महापुरात हरिपूर परिसरातील अनेक पेवांची हानी झाली. शेकडो वर्षे कोरडी म्हणून मानलेली भूमीही सर्व काळ कोरडी राहील असे नाही, हा त्या घटनेचा धडा होय.

३

वायुक्षेत्र मात्र पेवासारखे पोकळ नसते. 'भूमिगत कोठार' म्हटले की आपल्या मनात गुहेचे किंवा तळघराचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात वायू असतो तो वालुकाश्म किंवा चुनखडक यांच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रांत. ओल्या वाळूच्या ढिगात पाणी जसे राहते, तसा. ही छिद्रे एकमेकांना जोडलेली असतील तरच वायू वाहतो. या सच्छिद्र थराच्या वर पंकाश्मासारख्या अत्यंत घट्ट खडकाचे आच्छादन असावे लागते आणि थराला घुमटासारखा बाक असावा लागतो. तसे नसेल तर वायू वर निसटून जातो.

प्रत्येक भूमीच्या ठायी ही रचना नसते. उदाहरणार्थ, बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड परिसर घ्या. तेथील पाया अतिप्राचीन पट्टिताश्माचा व ग्रॅनाइटचा. त्यात छिद्रे नाहीत, केवळ भेगा आहेत. त्या भेगांतील पाणी खोल कूपनलिकांनी उपसले गेले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या या भागाने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. येथील भूमी रिती झाली, पण म्हणून ती कोठार झाली नाही. तथापि अशाच कठीण खडकाचा उपयोग निराळ्या रीतीने करता येतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मंगळूर व पादूर येथे आणि आंध्रात विशाखापट्टणम येथे खडक कोरून खनिज तेलाची राखीव कोठारे केलेली आहेत. त्यांची क्षमता अनुक्रमे सुमारे १५ लाख, २५ लाख व १३.३ लाख टन आहे. तेथे तेलाला अडवून धरते ते भोवतालच्या भेगांतील पाण्याचा दाब. खडकाला अस्तर लावलेले नसते. व्हाइटफील्डच्या भेगांतून जे गेले, नेमके तेच पादूरला जपावे लागते.

नैसर्गिक वायूचे असे कोठार भारतात अद्याप नाही. देशाच्या गरजेपैकी जवळजवळ निम्मा वायू द्रवरूपाने आयात होत असताना ही उणीव विचार करण्याजोगी आहे. क्षीण झालेली क्षेत्रे मात्र आपल्याकडे आहेत. मुंबईच्या वायव्येस अरबी समुद्रातील मध्य व दक्षिण ताप्ती क्षेत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले आणि पुढे तेथील सामग्री उतरवण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा एखाद्या क्षेत्राविषयी 'ते आता रिकामेच आहे, तेथे वायू भरून ठेवू' असे कोणी म्हटले, तर त्या विधानाची छाननी कशी करावी?

४

पहिली परीक्षा क्षेत्राच्या पूर्वेतिहासाची. आजवर किती वायू काढला आणि प्रत्येक टप्प्यावर दाब किती उतरला, या नोंदी योग्य त्या दुरुस्तीसह आलेखावर मांडतात. क्षेत्र बंद भांड्यासारखे असेल तर बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेवरून भांड्याचे आकारमान कळते. दाब अपेक्षेइतका उतरला नसेल तर खालून पाणी वर सरकले आहे, असा अर्थ निघू शकतो. ज्याला आपण रिकामी जागा समजत होतो ती पाण्याने व्यापलेली असते. वायू भरावयाचा तर ते पाणी पुन्हा मागे रेटावे लागते.

दुसरी परीक्षा आच्छादनाची. या खडकाने लक्षावधी वर्षे वायू धरून ठेवला, हा त्याच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. पण तो मूळ दाबापुरताच. नमुने काढून किती दाबाला वायू त्यात शिरू लागतो हे प्रयोगशाळेत पाहतात, आणि जवळपासच्या भ्रंशरेषा तपासतात.

तिसरी परीक्षा विहिरींची. आच्छादन निसर्गाने घातले. त्याला भोके माणसाने पाडली. प्रत्येक जुन्या विहिरीतील पोलादी नळी गंजली आहे काय, तिच्याभोवतीचे सिमेंट खडकाला धरून आहे काय, सोडून दिलेल्या विहिरी नीट बुजवल्या होत्या काय, हे एकेक करून पाहावे लागते.

चौथी परीक्षा प्रत्यक्ष भरण्याची. थोडा वायू ठराविक वेगाने आत सोडतात, विहीर बंद करतात आणि दाब कसा स्थिरावतो ते पाहतात. पुढे भरणे व काढणे यांची आवर्तने करून दर वेळी हिशेब जुळवतात. तितकाच साठा असताना दाब आवर्तनागणिक घटू लागला, तर वायू कोठे तरी जात आहे असे समजावे. ही कंदिलाची जागा होय.

५

या परीक्षा उपचार म्हणून उरकल्या तर काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. कॅलिफोर्नियातील आलिसो कॅन्यन या जुन्या तेलक्षेत्राच्या कोठारात ऑक्टोबर २०१५ मध्ये एक विहीर फुटली. ती १९५३ मध्ये खणलेली होती आणि तिची नळी बाहेरून गंजली होती. फेब्रुवारी २०१६ पर्यंत सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. खडकाने दगा दिला नव्हता, विहिरीने दिला. स्पेनच्या किनाऱ्यालगतच्या कास्तोर प्रकल्पात २०१३ मध्ये जुन्या तेलक्षेत्रात वायू भरण्यास प्रारंभ होताच भूकंपांची मालिका सुरू झाली. काही धक्क्यांची तीव्रता ४ च्या वर गेली, भरणे थांबवावे लागले आणि अखेर प्रकल्पच सोडून द्यावा लागला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि तेथील जलाशय यांचा संबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांना भूमीतील दाब व भ्रंशरेषा यांचे नाते निराळे सांगावयास नको. उलट, ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील रफ क्षेत्र १९८५ पासून कोठार म्हणून चालले होते. विहिरींच्या तपासणीनंतर २०१७ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला आणि २०२२ मध्ये ते अंशतः पुन्हा उघडले. परीक्षेचा निकाल प्रतिकूल आला असता तो मानणे, हाही परीक्षेचाच भाग होय.

६

आता परिभाषेकडे वळू. अशा क्षेत्राला 'रिकामे' किंवा 'निःशेष' म्हणणे चुकीचे आहे, कारण त्यात वायू उरलेला असतो, पाणी असते, दाबही असतो. 'क्षीण वायुक्षेत्र' हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. कोठार चालण्यासाठी काही वायू आत कायमचा ठेवावा लागतो; त्याच्या दाबानेच उरलेला वायू बाहेर येतो. क्षीण क्षेत्रात हे प्रमाण एकूण साठ्याच्या निम्म्याच्या आसपास असते. जो भाग भरला-काढला जातो त्याला, 'खेळते भांडवल' या रूढ शब्दाच्या आधाराने, 'खेळता वायू' म्हणता येईल. जो हलवावयाचा नाही तो 'मुद्दल वायू'. व्यापारी मराठीने हा भेद पूर्वीच करून ठेवलेला आहे. 'एवढ्या घनमीटरचे कोठार' अशी घोषणा झाली, तर त्यातील खेळता वायू किती, हे विचारण्याची सोय या शब्दांमुळे होते. संस्कृत धातूंवरून घडवलेला एखादा शब्द अधिक शास्त्रशुद्ध ठरेलही. पण तो किनाऱ्यावरील वाचकाच्या हाती प्रश्न देईलच असे नाही.

भारतीय भाषांतील पारिभाषिक शब्दांची चर्चा बहुधा संस्कृत की इंग्रजी या दोन टोकांमध्ये अडकते. पेव, हगेवु, पातर, खत्ती हे शब्द तिसऱ्या वाटेची आठवण करून देतात. त्यांच्यात भूमी निवडणे, तोंड लिंपणे, उघडताना थांबणे, खूण पाहून उतरणे असा व्यवहाराचा अनुभव साठलेला आहे. भूमीत ठेवलेले परत मिळेल काय, आणि ते ठेवल्याने वर राहणाऱ्यांस अपाय होणार नाही ना, हे दोन प्रश्न पेव खणणाऱ्यालाही होते. वायुक्षेत्राच्या परीक्षेत साधने बदलतात, खोली व दाब अनेक पटींनी वाढतात. प्रश्न मात्र हेच दोन राहतात. ते ज्यांच्या भाषेत नीट विचारता येतील, त्यांनाच उत्तरांची तपासणी करता येईल.